शनिवार कुणाचा?

ज्या घरात मूल बारावीत आहे, त्या घरात अमेरिकेतला एप्रिल महिना फार वाईट जातो. कॉलेजांची उत्तरं मार्चअखेरपर्यंत हातात पडतात आणि १ मेपर्यंत कुठल्यातरी एका ठिकाणी हो म्हणून अनामत भरायची असते. मधल्या काळात घरातला प्रत्येक माणूस शिक्षणतज्ज्ञ होतो. आमच्याकडे शेवटी दोन नावं उरली : अ‍ॅन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ आणि शिकागो विद्यापीठ. दोन्ही नामांकित, आणि दोन्हीकडे सगळं धरून वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर खर्च, त्यामुळे पोटात येणारा गोळाही सारखाच. अभ्यासक्रम, प्राध्यापक, नोकऱ्या ह्यांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नव्हतं. मग वाद पेटला तो फुटबॉलवरून.

वाद घालणारे दोघे. एक माझा थोरला भाऊ, दादा. फर्ग्युसनमधून बाहेर पडला, मिशिगनला एमएस केलं, तिथेच राहिला आणि तिथल्या सामन्यांची मोसमभराची तिकिटं दरवर्षी न चुकता घेतो. दुसरा माझा नवरा. सीओईपीचा, तिथल्या बोट क्लबात हातांना घट्टे पडेपर्यंत वल्ही मारलेला, आणि टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागला की उठून दुसऱ्या खोलीत जाणारा. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती वरच्या मजल्यावर कानात बोंडं घालून पडली होती. मी चहा करत होते आणि मधूनमधून नाक खुपसत होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच : इथला फुटबॉल मुख्यतः हातात धरून पळायचा असतो, आणि कॉलेजांच्या सामन्यांचा वार शनिवार. रविवार व्यावसायिक संघांचा.

दादा : तुम्ही एकदा सामन्याच्या दिवशी या आणि मग बोला. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. १९२७ साली बांधलंय ते. करोनाचं २०२० साल सोडलं तर १९७५ च्या नोव्हेंबरपासून तिथला एकही सामना लाखाच्या खाली गेलेला नाही. सकाळपासून समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या हिरवळीवर गाड्या लागतात, डिक्या उघडतात, घडीच्या खुर्च्या निघतात, शेगड्या पेटतात. आमच्या शेजारी वर्षानुवर्षं एक निवृत्त पोस्टमन गाडी लावतो. त्याला आमचं पनीर लागतं, आम्हाला त्याची भाजलेली कणसं. त्याचं राजकारण मला पटत नाही, माझं त्याला. पण ओहायो स्टेटला हरवलं की गळ्यात गळे. मला सांगा, असा माणूस मला ह्या देशात दुसरीकडे कुठे भेटला असता?

नवरा : पोस्टात.

दादा : थट्टा नको.

नवरा : थट्टा नाही, दादा. तुमचा शनिवार मजेत जातो, ह्याबद्दल मला काही म्हणायचंच नाही. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, नोकरी-घरदार असलेले गृहस्थ आहात. प्रश्न अठरा वर्षांच्या मुलीचा आहे. लाखभर लोकांत बसून, बावीस पोरं एकमेकांच्या अंगावर आदळताना बघून तिला काय मिळणार?

दादा : ओळखी. मिशिगनमध्ये पदवीची मुलंच तेहतीस हजारांच्या पुढे आहेत. पहिल्या सप्टेंबरात प्रत्येक जण एकटा असतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपण सोडून बाकी सगळ्यांची गट्टी जमलीय. अशा वेळी शनिवार उजाडला की निदान एक गोष्ट ठरलेली असते. पिवळा टी-शर्ट घालायचा आणि सगळे चाललेत तिकडे चालायला लागायचं. कुणाला विचारायला नको, कुणी बोलवायला नको. बुजऱ्या पोरासाठी ह्यापेक्षा सोपा दरवाजा मला तरी माहीत नाही. मी बुजरा होतो. म्हणून सांगतोय.

(हे खरं आहे. आमचा दादा लग्नाच्या पंगतीतही कोपरा शोधायचा.)

नवरा : आणि ज्याला पिवळा टी-शर्ट घालायचाच नाही, त्याने काय करायचं? त्या दिवशी रस्ते तुंबलेले, शेजारच्या खोल्यांत सकाळी नऊपासून बिअर. म्हणजे जायची सक्ती नाही, पण न जाणारा वेडा ठरतो. ओहायो स्टेटवाले तर मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात आवारातल्या पाट्यांवरच्या सगळ्या ‘एम’ अक्षरांवर लाल फुल्या मारतात. विद्यापीठ म्हणायचं का बालवाडी?

दादा : १८९७ पासूनचं वैर आहे ते. दीडशे वर्षं पुरी व्हायला आली की तुम्हीच त्याला परंपरा म्हणाल. आणि बालवाडीचं म्हणताय, तर भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी काय करायचो आपण? ‘आव्वाज कुणाचा’ ओरडून घसे बसायचे. समोरच्या कॉलेजची एकांकिका सुरू व्हायच्या आधी तिची टर उडवायचो. १९६३ पासून चाललंय. त्याला तुम्ही संस्कृती म्हणता.

नवरा : कारण तिथे आमची पोरं नाटक करायची! लिहायची, बसवायची, प्रकाशयोजना करायची. आमच्या रेगाटाचंही तेच. बोट क्लब १९२८ चा. मुळेच्या काठावर गर्दी जमायची खरी, पण पाण्यात कोण असायचं? मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाचा, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाचा. कालपर्यंत वल्हं कसं धरायचं हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ती पोरं. पहाटे नदीवर जायचं, थंडीत कुडकुडायचं, कयाक उलटली की ते पाणी नाकातोंडात. ते पाणी कसलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी खेळलो, दादा. मी बघितलं नाही. तुमच्या त्या स्टेडियममध्ये साधा विद्यार्थी उभ्या जन्मात उतरू शकेल का? तो संघ सतराव्या वर्षी देशभरातून वेचून आणलेला असतो. विद्यार्थी म्हणजे तिथे फक्त प्रेक्षक.

इथे मला वाटलं, संपलं. नवऱ्याचा हा मुद्दा बिनतोड आहे असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. पण दादाने चहाचा कप खाली ठेवला.

दादा : मी पुरुषोत्तममध्ये कधी स्टेजवर नव्हतो. पडदा ओढायलाही मला कुणी घेतलं नाही. मी फक्त ओरडायला जायचो. कॉलेजची सगळी वर्षं फक्त ओरडलो. आज पुण्यात उतरल्यावर मी ज्या चार जणांना पहिला फोन करतो, त्यातला एकही स्टेजवर नव्हता. आम्ही सगळे बाल्कनीतले. तुम्ही काम करणाऱ्यांचं कॉलेज आठवता, मी बघणाऱ्यांचं आठवतो. बघणाऱ्यांनाही एक कॉलेज असतं, आणि ते काही खोटं नसतं.

नवऱ्याकडे ह्याला उत्तर नव्हतं. मला वाटतं, अजूनही नाही. उत्तर नसलं की इंजिनिअर माणूस इतिहासात शिरतो, तसा तो शिरला.

नवरा : बरं, मग शिकागोचं ऐका. मिशिगन ज्या बिग टेनमध्ये खेळतं, त्या संघटनेच्या संस्थापकांत शिकागो विद्यापीठ होतं. कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान म्हणजे हाइझमन ट्रॉफी. १९३५ साली ती पहिल्यांदा दिली गेली, आणि मिळाली शिकागोच्याच जे बर्वांगरला. म्हणजे हे काही खेळात मागासलेलं विद्यापीठ नव्हतं. पण अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स ह्यांना हा सगळा तमाशा विद्येच्या आड येतोय असं वाटत होतं, आणि १९३९ च्या डिसेंबरात फुटबॉल बंद झाला.

दादा : त्याच मोसमात आम्ही त्यांना ८५-० हरवलं होतं. तेही सांगा.

नवरा : सांगतो की. हरवलंत, म्हणून त्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, खेळच बदलला! आणि पुढे काय झालं? स्टॅग फील्ड नावाचं ते स्टेडियम ओस पडलं. २ डिसेंबर १९४२ ला त्याच स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या स्टँडखाली, रॅकेटच्या कोर्टात, एन्रिको फर्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळी प्रक्रिया घडवून दाखवली. आज त्या जागेवर रेगेन्स्टाइन ग्रंथालय उभं आहे. जिथे पन्नास हजार लोक आरडाओरडा करायचे तिथे आता पोरं वाचत बसतात. विद्यापीठ विद्यापीठ म्हणतात ते ह्याहून वेगळं काय असतं?

दादा : म्हणजे फुटबॉल बंद केल्याचं फळ अणुबाँब, असं म्हणायचंय का तुम्हाला?

मला हसू आवरलं नाही. ग्रंथालयाशेजारी हेन्री मूरचं काशाचं शिल्प आहे. मी ते पाहिलंय. एका बाजूने कवटी वाटतं आणि दुसऱ्या बाजूने अणुस्फोटाचा ढग, त्यामुळे दादाचा टोला अगदीच अनाठायी नव्हता.

दादा : आणि तुम्ही गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. हचिन्सनंतर १९५० च्या दशकात तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांची संख्या इतकी घसरली की विद्यापीठ धास्तावलं. मुलं हुशार, पण हिरमुसलेली. इथे मौज मरायला येते, अशा अर्थाचे टी-शर्ट तिथली पोरं स्वतःच छापून घालायची. १९६९ साली फुटबॉल परत आणला. पुढे नव्वदीत त्यांनाच उमगलं की पोरांना जगायलाही काहीतरी हवं. २००३ मध्ये पोहण्याच्या तलावासकट मोठं क्रीडा केंद्र बांधलं. बंद करून भागलं असतं, तर हे कशाला केलं?

नवरा : परत आणला, पण कसा? तिसऱ्या श्रेणीत, डिव्हिजन थ्रीमध्ये. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. संघातला पोरगा सकाळी प्रयोगशाळेत असतो, संध्याकाळी मैदानात. एमआयटीतही तेच, तीसपेक्षा जास्त खेळांचे संघ आहेत. कॅलटेकचा बास्केटबॉल संघ आपल्या गटात ओळीने ३१० सामने हरला आणि २०११ साली एका गुणाने जिंकला तेव्हा दिवाळी साजरी केली पोरांनी. मला असा खेळ हवा! ३१० वेळा हरूनही जो खेळतो तो खेळासाठी खेळतो. खेळ नको असं मी कधी म्हणालो? मला सर्कस नको.

‘सर्कस’वरून थोडी हमरीतुमरी झाली, ती गाळते.

मग दोघे आकडेवारीवर आले. मुलं खरोखर संघ बघून कॉलेज निवडतात का? दादाने पहिलं नाव घेतलं डग फ्लूटीचं. १९८४ च्या नोव्हेंबरात बॉस्टन कॉलेजच्या ह्या पोराने शेवटच्या क्षणी लांबलचक चेंडू फेकून मायामीला ४७-४५ असं हरवलं, आणि त्यानंतर कॉलेजकडे अर्जांचा पाऊस पडला म्हणतात. इथल्या प्रवेश-कचेऱ्यांत ह्या परिणामाला फ्लूटीचंच नाव पडलंय. नवरा म्हणाला, त्या कॉलेजचे अर्ज फ्लूटीच्या आधीपासूनच वाढत होते, नवी वसतिगृहं झाली होती, श्रेय मात्र चेंडूला मिळालं. खरं आहे. पण दादाकडे त्याहून पक्का पुरावा होता. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डग चुंग ह्यांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला : एखाद्या कॉलेजचा फुटबॉल संघ सुमारावरून उत्तम झाला, तर अर्ज १८.७ टक्क्यांनी वाढतात.

नवरा : त्याच संशोधनातलं पुढचं वाक्य वाचा. ज्यांचे एसएटी ह्या प्रवेशपरीक्षेचे गुण कमी, ती मुलं खेळातल्या यशाला जास्त भाव देतात.

दादा : जास्त भाव देतात, पण हुशार मुलं अजिबात देत नाहीत असं नाही म्हटलेलं. तीही बघतात. अलाबामाचं उदाहरण घ्या. निक सेबन २००७ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकून दिली. विद्यार्थी पंचवीस हजारांवरून अडतीस हजारांवर गेले. निम्म्याहून अधिक परराज्यातले. ज्या राज्याकडे कोण ढुंकून बघत नव्हतं तिथे न्यू जर्सीची, इलिनॉयची पोरं जायला लागली.

नवरा : कारण त्याच काळात अलाबामाने चांगल्या गुणांच्या परराज्यातल्या मुलांना शिष्यवृत्त्या वाटल्या. फुटबॉल ही जाहिरात होती, माल फीमाफीचा होता. आणि त्या जाहिरातीचा पगार? वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण? राज्यपाल नाही, सरन्यायाधीश नाही, एखादा शल्यविशारदही नाही. बॉलचा मास्तर!

दादा : तो पगार फीमधून जात नाही. मिशिगनचा क्रीडा विभाग वर्षाला वीस कोटी डॉलरच्या वर कमावतो, तिकिटांतून, टीव्हीतून. त्यातूनच पोहणं चालतं, कुस्ती चालते, मुलींचं रोइंग चालतं. तुमचं रोइंग! १९७२ साली शिक्षणात मुलींना समान वागणूक देणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा देशभरात कॉलेजच्या संघांतून खेळणाऱ्या मुली तीस हजारांच्या आसपास होत्या, आज दोन लाखांच्या वर आहेत. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्काने फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मुलींचा व्हॉलीबॉल भरवला. किती लोक आले? ९२,००३. हे स्टेडियम बांधून ठेवलं होतं म्हणून झालं.

ह्या आकड्यापाशी मी थबकले. आमच्या शाळेत दहावी लागली की पीटीचा तास गणिताला जायचा आणि मुलींचा खो-खो तर त्याआधीच बंद व्हायचा. मुलींचा खेळ बघायला ब्याण्णव हजार माणसं येतात, हे चित्र मनात धरायलाच मला वेळ लागला. तोवर नवरा पुढे गेला होता.

नवरा : मिशिगन, ओहायो स्टेट, टेक्सस, अशा पंचवीसेक ठिकाणी जमतं हे. बाकीच्या कॉलेजांचं काय? पहिल्या श्रेणीतले बहुसंख्य क्रीडा विभाग तोट्यात आहेत आणि तो तोटा विद्यापीठ भरतं, म्हणजे विद्यार्थी भरतो. फीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत ओळ असते. व्हर्जिनियातल्या एका सरकारी विद्यापीठात ती वर्षाला दोन हजार डॉलरच्या वर गेली होती. चार वर्षांचे आठ हजार, तेही कर्जावर, आणि पोरगी एकही सामना बघत नसली तरी! आता तर २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत, पहिल्या वर्षाची मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलर. हे पैसे कुठून येणार?

दादा : शंभर वर्षं फुकट राबवून घेतलं त्या पोरांना. पहिल्यांदा मजुरी मिळतेय तर तुमच्या पोटात दुखतंय.

नवरा : मजुरी मिळू दे. पण मजुरी दिली की तो कारखाना झाला. मग त्याला कॉलेज म्हणू नका.

हा विषय त्या दोघांनी तिथेच टाकला, आणि बरं केलं. त्यात रोज नवा निकाल येतोय.

अभ्यासावर काय परिणाम होतो, हेही नवऱ्याकडे तयार होतं. ओरेगन विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्याच विद्यार्थ्यांचे गुण तपासून २०१२ मध्ये शोधनिबंध छापला. फुटबॉल संघ जितका जास्त जिंकतो, तितके त्या सत्रात मुलींच्या तुलनेत मुलग्यांचे गुण खाली येतात. पिणं वाढतं, वाचन कमी होतं, हे मुलग्यांनी स्वतःच सांगितलेलं. दादा म्हणाला, आपल्याला मुलगी आहे. नवरा म्हणाला, मुलीच्या गटप्रकल्पात मुलगे असतात.

मग वाद तिथे गेला जिथे जाईल असं मला वाटलं नव्हतं.

नवरा : गुण, पैसा सोडा. पेन स्टेटमध्ये काय झालं? माजी सहायक प्रशिक्षक लहान मुलांवर अत्याचार करत होता, २०१२ मध्ये दोषी ठरला. मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो ह्यांना २०११ च्या नोव्हेंबरात काढलं, तेव्हा हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या मुलांसाठी नाही. प्रशिक्षकाला का काढलं म्हणून. वार्ताहरांची गाडी उलटून टाकली. आणि तुमचं मिशिगन? क्रीडा विभागाचे डॉक्टर रॉबर्ट अँडरसन ह्यांच्या अत्याचारांचे हजारावर तक्रारदार, २०२२ मध्ये ४९ कोटी डॉलरची तडजोड. इतकी वर्षं कुणालाच कळलं नाही? एवढं मोठं देऊळ बांधलं की पुजाऱ्याला कोण विचारणार?

दादा बराच वेळ बोलला नाही.

दादा : ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी काही शनिवार गेलो नाही. मग परत गेलो. का गेलो, ह्याचं मला शोभेल असं उत्तर नाही. पोस्टमनही आला होता. आम्ही त्या विषयावर बोललो नाही. खेळामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. ज्याला कुणी जाब विचारत नाही अशा माणसामुळे झालं. पण त्याला जाब का विचारला गेला नाही, तर संघामुळे. एवढं मी मान्य करतो. पुढे काय करायचं ते तुम्ही सांगा.

नवरा : मलाही माहीत नाही. निदान मुलीला तिथे पाठवताना हे ठाऊक असावं, इतकंच.

वातावरण हलकं करायला मी म्हटलं, खेळ नकोच असेल तर सरळ आयव्ही लीग. दोघेही एकदम माझ्यावर आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूने. आयव्ही लीग ही मुळात आठ विद्यापीठांची क्रीडा संघटना आहे, १९५४ च्या कराराने बांधलेली. आपल्याकडचे आईबाप ज्या नावाला हात जोडतात ते खेळाच्या गटाचं नाव. हार्वर्डचे बेचाळीस संघ आहेत, देशात सगळ्यात जास्त. शिष्यवृत्ती खेळासाठी देत नाहीत, पण प्रवेश देतात. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात जी माहिती उघड झाली तीत संघासाठी निवडलेल्या खेळाडूंपैकी शेकडा ८६ जणांना प्रवेश मिळत होता. बाकीच्यांपैकी शंभरात पाच-सहा जणांना.

नवरा : म्हणून तर २०१९ चा घोटाळा झाला. श्रीमंतांनी प्रशिक्षकांना लाच दिली आणि पोरांना खेळाडू म्हणून आत घुसवलं. व्यायामशाळेतल्या रोइंग मशीनवर बसवून फोटो काढले आणि दाखवले रोइंगपटू म्हणून! मुळेच्या पाण्यात एक दिवस सोडायला हवं होतं त्यांना.

दादा : ते मात्र बघायला मी तिकीट काढलं असतं.

माझं मत कुणी विचारलं नाही, पण लेख माझा आहे. पैशाच्या बाबतीत मी नवऱ्याच्या बाजूने आहे. जी ओळ फीच्या कागदावर बारीक अक्षरांत छापावी लागते तिच्यात काहीतरी लपवण्यासारखं असतं. पण प्रेक्षक असण्याला कमी लेखणं मला पटत नाही. सगळ्यांनीच वल्हं हातात घ्यावं असा आग्रह धरणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः होडीतला असतो. घरापासून चार तासांवर एकटी पडलेली मुलगी शनिवारी चार अनोळखी पोरींबरोबर गर्दीत ओरडून आली, तर तिचा रविवार बरा जाईल, ह्याबद्दल मला शंका नाही.

मात्र संघ जिंकतोय म्हणून कॉलेज निवडणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि ह्यात मी दादालाही सूट देणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये मिशिगन राष्ट्रीय विजेतं झालं. त्याच महिन्यात प्रशिक्षक जिम हार्बो व्यावसायिक संघाकडे निघून गेले आणि पुढच्या मोसमात मिशिगन पाच सामने हरलं. सेबनही त्याच महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्यासाठी म्हणून अलाबामाला गेलेली मुलं वर्गात बसून राहिली. मुलं चार वर्षांसाठी जातात, प्रशिक्षक पुढचा देकार येईपर्यंत असतो.

आमच्या लेकीने काय ठरवलं ते इथे लिहीत नाही, ते सांगायचं तर तिने सांगावं. ज्यांच्या घरात पुढचा एप्रिल येऊ घातलाय त्यांना मात्र सांगते. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रवेश-कचेरीत जाऊन खेळासाठी विद्यार्थ्याकडून वर्षाला किती पैसे घेता, असं सरळ विचारा आणि आकडा लिहून घ्या. संध्याकाळी सातच्या सुमाराला क्रीडा केंद्रात एक चक्कर मारा. ज्याने आयुष्यात कधी रॅकेट धरली नाही अशा मुलाला तिथे कुणी घेतं का, ते बघा. सामन्याला न जाणारी मुलं शनिवारी दुपारी कुठे असतात, हे वाट दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा, आणि तो किती वेळ विचार करतो तेही बघा. आणि हे सगळं मंगळवारी करा. सामन्याच्या शनिवारी जाऊ नका. त्या दिवशी कुठलंही कॉलेज छानच दिसतं, आणि गावातली हॉटेलं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.